वणव्यानंतर उगवते, ते जंगल
अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे ३६ टक्के क्षेत्र १९८८ मधील वणव्यांत होरपळले. जंगल कायमचे संपले, ही भीती मात्र खोटी ठरली. तेथील अनेक लॉजपोल पाइन वृक्षांचे शंकू राळेने घट्ट बंद असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, शंकू उघडतात आणि राखेवर बिया पडतात. काही वर्षांतच तेथे रोपांची दाटी झाली.

पूर्वी अशा मोठ्या वणव्यांत १०० ते ३०० वर्षांचे अंतर असे. २०१६ मध्ये मात्र १९८८ नंतर उगवलेल्या कोवळ्या जंगलाचे काही भाग पुन्हा जळाले. पुरेसे शंकू साठण्याआधीच आग परतल्यास नवे जंगल विरळ उगवते. तापमानवाढीमुळे हे अंतर घटत असून, तीच आता चिंतेची बाब आहे.