भूत नसलेली भयकथा

दादी-नानीकडून तुम्ही जिन्नांच्या आणि चुडेलींच्या गोष्टी ऐकल्या असतील. एकदा वर्गात मी एका प्रसिद्ध इंग्रजी लघुकादंबरीची गोष्ट सांगितली. ती भयकथा आहे, हेही सांगितले होते. गोष्ट संपल्यावर एका मुलाने विचारले, "सर, यात भूत कुठे आहे?" प्रश्न अगदी योग्य होता. चला, आपण उत्तर शोधू या.

या पुस्तकाचे नाव 'स्ट्रेंज केस ऑफ डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड'. ते १८८६ साली प्रसिद्ध झाले. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात १८५० साली झाला. याच शहरात पूर्वी ब्रोडी नावाचा एक प्रतिष्ठित सुतार होता. तो दिवसा लोकांची कपाटे बनवी आणि रात्री घरे फोडी. १७८८ मध्ये त्याला फाशी झाली. त्याने बनवलेले एक कपाट लहानग्या स्टीव्हन्सनच्या खोलीत होते! पुढे या कथेतील काही प्रसंग लेखकाला स्वप्नात दिसले.

कथा लंडनमध्ये घडते. हाइड नावाचा माणूस रस्त्यात एका लहान मुलीला पायांखाली तुडवतो आणि थंडपणे पुढे चालू लागतो. लोक त्याला पकडतात. भरपाई म्हणून तो चेक देतो. त्यावर सही असते एका सज्जन, नावाजलेल्या माणसाची. हा सज्जन म्हणजे डॉक्टर जेकिल. पुढे हाइड एका वृद्ध गृहस्थाचा काठीने खून करतो. जेकिलचे मित्र, वकील अटर्सन, विचारात पडतात. असल्या माणसाशी जेकिलचा संबंध काय?

लक्षात ठेवा, हाइड कसा दिसतो हे कोणालाच नीट सांगता येत नाही. त्याला पाहिले की किळस येते, एवढेच सगळे सांगतात. स्टीव्हन्सन यांनी त्याला शिंगे किंवा सुळे दिले असते, तर माझ्या मते भीती निम्मी झाली असती.

येथपर्यंत ही गुप्तहेरकथा वाटते. पण गुप्तहेरकथेत रहस्य उलगडले की भीती संपते. येथे उलट होते. कथेचे दहा भाग आहेत आणि रहस्य नवव्या भागात कळते. जेकिल आणि हाइड एकच आहेत! जेकिलने एक औषध तयार केले होते. ते पिऊन तो हाइड होई, मनात येईल ते दुष्कर्म करी आणि पुन्हा औषध पिऊन जेकिल होई. म्हणजे दार त्याने स्वतःच उघडले होते.

खरी भीती यानंतर आहे. एका रात्री जेकिल आपल्याच पलंगावर झोपतो. सकाळी त्याची नजर चादरीवरील हातावर जाते. त्याचा हात मोठा, गोरा आणि घट्ट होता. हा हात मात्र बारीक, शिरा वर आलेला, दाट केसांचा! औषध न घेताच तो हाइड झालेला असतो. भूत बाहेरचे असते तर दाराला कडी लावता आली असती. येथे कडी कोठे लावणार?

विज्ञान त्याला वाचवील, असे तुम्हांला वाटेल. परंतु औषधातील क्षार संपतो. नवीन क्षार आणला, तर त्याचा उपयोग होत नाही. पहिल्या क्षारातच काहीतरी भेसळ असावी आणि औषध त्या भेसळीमुळेच चालत असावे, असे त्याला शेवटी वाटते. ती भेसळ कशाची, हे त्यालाही माहीत नसते. नोकर पूलला बंद दारामागून परक्या माणसाचा आवाज ऐकू येतो. येरझाऱ्या घालणारी पावलेही परकी वाटतात.

शेवटी पूल आणि अटर्सन कुऱ्हाडीने दार फोडून आत जातात. जमिनीवर हाइड मरून पडलेला असतो. त्याच्या अंगावर जेकिलच्या मापाचे, खूप सैल कपडे असतात.