खोळंब्याची वर्दी

१८६३ च्या जानेवारीत पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जगातील पहिली भुयारी आगगाडी ज्या शहरात धावली, त्या लंडनच्या वाहतुकीचा कारभार आज ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ या संस्थेच्या हाती आहे. आणि गाड्या चालविण्याच्या बरोबरीने ही संस्था जे काम निष्ठेने करते, ते म्हणजे गाडी खोळंबली असता त्याची वर्दी मागेल त्यास तत्काळ, विनामूल्य मिळेल अशी तजवीज ठेवणे. आपल्या कारभारातील व्यत्यय स्वतःच जाहीर करणे हे लोकसेवेचे मोठे लक्षण होय, असे मी मानतो.

या तजविजीचे नाव ‘युनिफाइड एपीआय’. संगणकाने ठरावीक पत्त्यावर विनंती धाडावी, की अकराही भुयारी मार्गांची सद्यःस्थिती ‘जेसन’ या यंत्राला सहज वाचता येणाऱ्या रचनेत हजर होते. नाव नोंदवून किल्ली घेणाऱ्यास मिनिटाला ५०० विनंत्यांची मुभा आहे. प्रत्येक मार्गापुढे एक अंक असतो: १० म्हणजे सेवा सुरळीत, ९ म्हणजे किरकोळ विलंब, ६ म्हणजे गंभीर विलंब, २ म्हणजे वाहतूक स्थगित. यावरून अंक चढता तितकी स्थिती उत्तम, असे मानून कोणी आज्ञावली लिहिली तर ती रात्रीच फसेल, कारण २० हा अंक सेवा बंद झाल्याचा आहे. येथे अंक ही प्रतवारी नव्हे, केवळ खूण आहे.

अंकापाठोपाठ मुदत येते: व्यत्यय केव्हापासून केव्हापर्यंत. पुढील तारखा देऊन विचारणा केल्यास रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी कोणता मार्ग बंद राहील हे आधीच कळते, आणि त्यावर प्रवासाचा बेत बदलता येतो.

परंतु या नोंदीचा खरा प्राण ‘कारण’ या रकान्यात आहे. सिग्नलच्या बिघाडामुळे अमुक ते अमुक स्थानकांदरम्यान गाड्या नाहीत, उर्वरित मार्ग सुरळीत आहे, तिकिटे बसमध्ये चालतील, असा सरळ मजकूर तेथे असतो, आणि फलाटावरील माणसाला नेमके तेवढेच हवे असते. उणीव आहे ती यंत्रासाठी: बाधित स्थानकांची स्वतंत्र यादी देण्याची सोय रचनेत असूनही ती पुष्कळदा रिकामी येते, त्यामुळे स्थानकांची नावे त्या इंग्रजी वाक्यांतून वेचून काढण्याचा खटाटोप आज्ञावली लिहिणाऱ्याच्या माथी येतो. ती यादी नियमाने भरली जावी. चाकांच्या खुर्चीवरून निघालेल्या प्रवाशाला गाडी आपल्या स्थानकावर थांबणार की नाही हे घर सोडण्यापूर्वीच कळले पाहिजे, आणि तेथील लिफ्ट चालू आहे की नाही हेही. लिफ्टच्या बिघाडाची वर्दी तरी ही संस्था वेगळ्या पत्त्यावर देतेच.