वीस अक्षरांचा मंत्र

एनिक्सने 1986 मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी प्रकाशित केलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची ताकद लढायांतून वाढवत कथा पुढे नेण्याचा खेळ, जपानी न येणाऱ्यालाही बराचसा खेळता येतो; कारण त्यातील मजकूर कांजी या चिन्हाक्षरांऐवजी काना या उच्चारदर्शक लिपीत असून ‘तताकाउ’ (लढणे), ‘निगेरु’ (पळणे) असे मोजके आदेश आकारावरूनच ओळखता येतात. खरी कसोटी खेळ थांबवताना लागते: प्रगती साठवण्याची सोय नसल्याने 20 अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ कागदावर उतरवावा लागतो आणि ‘का’चा ‘गा’ करणाऱ्या दोन बारीक रेघा निसटल्या, तरी तो बहुधा नाकारला जातो. गावकऱ्यांच्या बोलण्यात दडलेल्या खुणा मात्र केवळ अक्षरओळखीने उलगडत नाहीत.