रक्तगट आणि सोरायसिस

‘माझा रक्तगट बी, म्हणून सोरायसिस झाला का?’ हा प्रश्न भाबडा नाही. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात उलगडलेले रक्तगट ज्या शर्करांवरून ठरतात, त्या तांबड्या पेशींप्रमाणे त्वचेच्या पेशींवरही असतात. तरीही सोरायसिसबाबतच्या पाहण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

भक्कम धागा सापडला तो वेगळ्याच ठिकाणी. रक्तगटाचे जनुक नवव्या गुणसूत्रावर. पेशींना ‘आपले-परके’ ओळखायला लावणारी एचएलए जनुके सहाव्यावर. त्यांतला एचएलए-सी ०६:०२ हा प्रकार सोरायसिसचा धोका वाढवतो, विशेषतः तरुण वयात. पण तो असणाऱ्या बहुतेकांना हा आजार होतच नाही. घशाचा जंतुसंसर्ग, ताण किंवा धूम्रपान ठिणगी टाकू शकतात. चट्ट्यांबरोबर सकाळी सांधे आखडत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा.