पायाला उमगणारी सूचना : मोटारीच्या ॲक्सिलरेटरमधील एक नवी योजना

व्यापार म्हटला की मालाची ने-आण ओघानेच आली. आपल्या बालाघाटचा चिन्नोर तांदूळ, ज्यास 2021 साली भौगोलिक मानांकन लाभले, तो गिरणीतून निघाल्यापासून परगावच्या आडत्याच्या वखारीत पडेपर्यंत बहुतांशी ट्रकच्या चाकांवरच असतो. त्या ट्रकचा सर्व कारभार चालकाच्या उजव्या पायाखाली असलेल्या एका लहानशा पट्टीवर अवलंबून आहे. तिला कागदोपत्री ॲक्सिलरेटर म्हणतात. चालक मंडळी मात्र 'रेस' म्हणूनच ओळखतात. ही पट्टी आता चालकाच्या पायाशी बोलू लागली आहे. ती काय बोलते व कशी बोलते, हे आपल्या व्यापारी बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे, कारण डिझेलचा खर्च अखेरीस आपल्याच खातेवहीत चढतो.

पूर्वीच्या ट्रकांत ही पट्टी दांडीने किंवा तारेने इंजिनाच्या पंपाशी जोडलेली असे. पाय दाबला की दांडी सरके आणि इंधन वाढे. इंजिनाची थरथर त्याच वाटेने परत चालकाच्या तळपायापर्यंत येई. जुने चालक चप्पल काढून गाडी हाकीत, ते उगाच नव्हे. नव्या गाड्यांत ती दांडी राहिलेली नाही. पट्टी किती दबली आहे हे मोजणारी विजेची साधने तेथे असतात व ती इंजिनाच्या संगणकास तारेतून कळवितात. ही साधने मुद्दाम दोन ठेवतात, म्हणजे एकाचे माप दुसऱ्याशी ताडून पाहता येते. दोघांचा मेळ बसला नाही तर इंजिन आपला जोर आवरून घेते. आपण वजनाच्या बाबतीत दुसऱ्या काट्याची साक्ष घेतो, त्यातलाच हा प्रकार.

या सुधारणेने पुष्कळ लाभ झाले, परंतु पायास मिळणारी जुनी खबर मात्र तुटली. नव्या योजनेत ती खबर निराळ्या रूपाने परत आणली आहे. पट्टीच्या मागे एक लहानशी विजेची मोटर बसवितात. वेग मर्यादेबाहेर जाऊ लागला, पुढची गाडी फार जवळ आली, किंवा डिझेल व्यर्थ जळू लागले, म्हणजे ती मोटर पट्टीला उलट रेटा देते. पाय जरा जड वाटू लागतो. काही गाड्यांत रेट्याऐवजी थरथर असते, काहींत तळपायावर टिचकी मारल्यासारखे दोन हलके ठोके. पुढच्या गाडीचे अंतर रडार मोजते, रस्त्यावरील वेगाचे फलक कॅमेरा वाचतो, आणि पायाला काय सांगावयाचे ते संगणक ठरवितो. चालकाने जोर करून दाबले तर पट्टी निमूटपणे खाली जाते. समोरून येणारे वाहन टाळून पुढे निघायचे असेल तर ही मोकळीक हवीच. म्हणून या योजनेस मी लगाम म्हणत नाही, सल्ला म्हणतो.

घंटी किंवा दिवा असताना पायालाच का सांगावे, असा प्रश्न येईल. धान्य पारखणाऱ्यास याचे उत्तर चटकन पटेल. भातात ओल किती आहे हे आपण डोळ्यांनी पाहतोच. पण मूठभर दाणे तळहातावर चोळले म्हणजे जे कळते ते पाहून कळत नाही, आणि त्याला विचारही करावा लागत नाही. चालकाचे डोळे रस्त्यावर गुंतलेले असतात. कान इंजिनाच्या घरघरीने, भोंग्यांनी व गाण्यांनी भरलेले असतात. पाय मात्र जेथे चूक घडते नेमक्या त्याच जागी असतो. शिवाय घंटी वाजली की शेजारी बसलेल्या मालधन्यालाही ऐकू जाते व चालक ओशाळतो. पायाची सूचना फक्त त्याची त्यालाच कळते. हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

जपानच्या निस्सान कंपनीने इंधन वाचविणारी अशी पट्टी 2008 साली जाहीर केली. तिने काटकसरीच्या हाकण्याने 5 ते 10 टक्के इंधन वाचू शकते, असे सांगितले. जर्मनीच्या बॉश कंपनीने पुढे आपल्या पट्टीसाठी 7 टक्क्यांपर्यंत बचत सांगितली. विकणाऱ्याने दाखविलेल्या नमुन्यावरून सगळ्या वखारीचा भाव करू नये, हे आपणांस सांगावयास नको. तथापि बचतीचे मूळ कारण खरे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 60 वरून 80 किलोमीटरवर गेले की तो पावणेदोनपट होतो. गाडी थांबण्यास लागणारे ब्रेकचे अंतरही त्याच हिशेबाने लांबते. आणि 80 च्या वेगाने चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एका सेकंदात गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते.

आता वेळेचा जमाखर्च पाहू. बालाघाटहून गोंदिया सुमारे 40 किलोमीटर. 60 च्या वेगाने 40 मिनिटे, 80 ने 30. म्हणजे सारा मार्ग मोकळा मिळाला तरी 10 मिनिटे वाचली, आणि ती बहुधा धर्मकाट्यापुढील रांगेत खर्ची पडतात. 'लवकर पोहोच' असा तगादा लावणारे आपणच असतो, ही गोष्ट हिशेबात धरावी.

या बाबतीत स्वीडनमधील लुंड शहराचा प्रयोग सर्वांत बोलका आहे. 1999 ते 2002 या काळात तेथे 284 गाड्यांना, वेगमर्यादा ओलांडताच जड होणारी अशी पट्टी बसविण्यात आली होती. चालक मर्यादा अधिक पाळू लागले, धूर कमी झाला, आणि प्रवासाचा वेळ वाढला नाही. युरोपीय संघाने जुलै 2022 पासून नव्या नमुन्यांना व जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीला, ट्रकला व बसला वेगाची सूचना देणारी योजना सक्तीची केली. त्या सूचनेच्या मान्य प्रकारांत ॲक्सिलरेटरच्या पट्टीचाही समावेश आहे. आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या प्रवासी मोटारींत 80 च्या पुढे घंटी वाजते, 120 च्या पुढे ती अखंड वाजत राहते. मालवाहू ट्रकांना 80 वर अडविणारे वेगनियंत्रक आहेत. ते इंजिनच रोखतात. चालकाशी बोलत नाहीत.

या पट्टीचा उपयोग सर्वत्र नाही. बैहरच्या वाटेवर गांगुलपारा घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतोच, मग ती कोणास काय सांगणार? तेथे खालचा गिअर व ब्रेक हेच खरे. दुसरी अडचण लुंडच्या प्रयोगातच दिसली. योजना बंद असताना काही चालक आपण होऊन वेग कमी करावयास विसरू लागले. आपल्याकडे एकच चालक आज या ट्रकवर तर उद्या त्या ट्रकवर असतो, म्हणून ही गोष्ट अधिक जपावी लागेल. अशी पट्टी असलेली गाडी ज्याने घेतली असेल त्याने चालकास बिल्टी देताना, पट्टीची योजना चालू आहे की बंद, हेही तोंडी सांगावे आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्या ओळखीच्या रस्त्यावरच करवून घ्याव्यात.