लसीकाभ ऊतकातील रक्तवाहिन्या

लसीकाभ ऊतकातील रक्तवाहिन्या : लसीका पर्वे, प्लीहा, यौवनलोपी ग्रंथी व आतड्याच्या भित्तीतील पायर पुंज यांना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या. त्यांचे कार्य केवळ पोषणाचे नाही. रक्तातील लसीका कोशिका ऊतकात शिरतात त्या याच मार्गाने. याविषयीचे बरेचसे मूलभूत ज्ञान रॅट (मोठा उंदीर) व माउस (लहान उंदीर) यांच्या अभ्यासातून मिळाले आहे.

लसीका पर्वाच्या नाभिकेतून शिरलेली रोहिणी शाखित होत बाह्यकाकडे जाते. तेथील केशवाहिन्यांतून परतणारे रक्त उपबाह्यकातील नीलिकांत येते. या नीलिकांचा अंतःस्तर विलक्षण असतो. अन्यत्र तो पातळ पापुद्र्यासारखा चपटा असतो, येथे मात्र त्याच्या कोशिका उंच व घनाकार असतात. म्हणून त्यांना ‘उच्च अंतःस्तर नीलिका’ म्हणतात. पुढे मध्यकात पोहोचताच अंतःस्तर पुन्हा चपटा होतो. अशा नीलिकांचे वर्णन टोमे यांनी माकडाच्या लसीका पर्वासंबंधी 1898 मध्येच केले होते. परंतु भित्तीत दिसणाऱ्या लसीका कोशिका आत येत आहेत की बाहेर जात आहेत, हे मृत ऊतकाच्या छेदावरून सांगणे शक्य नव्हते.

वक्षीय लसीकावाहिनीतून रक्तात दररोज इतक्या लसीका कोशिका येतात की, रक्तातील त्यांचा संपूर्ण साठा अनेकदा बदलला जावा. त्या जातात कोठे, हे कोडेच होते. ऑक्सफर्ड येथे जेम्स गोवन्स यांनी रॅटवरील प्रयोगांनी 1959 मध्ये दाखविले की, त्याच कोशिका रक्तातून पुन्हा लसीकेत येतात. गोवन्स व नाइट यांनी 1964 मध्ये किरणोत्सर्गी खुणा केलेल्या कोशिकांचा माग काढून या नीलिका हेच प्रवेशद्वार असल्याचे सिद्ध केले. त्याच वर्षी मार्केसी व गोवन्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेल्या पाहणीवरून लसीका कोशिका अंतःस्तर कोशिकेच्या शरीरातून पार होते असे मत मांडले. नंतरच्या अनेक निरीक्षणांनुसार ती दोन कोशिकांच्या सांध्यांतूनही जाते. लसीका कोशिकेवरील एल-सिलेक्टिन हे प्रथिन व अंतःस्तरावरील शर्करायुक्त रेणू यांच्या बंधामुळे वाहती कोशिका भित्तीशी घरंगळू लागते. मग कीमोकाइनांच्या संकेताने ती थांबते व आत शिरते.

या उंचीला सततचा आधार लागतो. पर्वात येणाऱ्या लसीकावाहिन्या तोडल्यास काही आठवड्यांत अंतःस्तर चपटा होतो व कोशिकांचा प्रवेश मंदावतो. उलट, प्रतिजन पोहोचल्यावर पोषक रोहिणिका रुंदावते, रक्तप्रवाह वाढतो आणि पर्व फुगते.

प्लीहेत अशा नीलिका नसतात. मध्य रोहिणिकेभोवती लसीका कोशिकांचे आवरण असते आणि तिच्या अनेक शाखांतील रक्त श्वेत मगजाच्या कडेवरील सीमांत विवरात व सीमांत क्षेत्रात उतरते. माउसच्या तांबड्या मगजात रॅटप्रमाणे ठळक नीला-विवरे नसतात. मानवी प्लीहेत तर कृंतकांसारखे सीमांत विवर आढळत नाही. त्यामुळे कृंतकांतील निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरते. यौवनलोपी ग्रंथीच्या बाह्यकातील केशवाहिन्या रक्तातील प्रथिनांना सहसा आत येऊ देत नाहीत, असे रॅव्हिओला व कार्नोव्हस्की यांनी 1972 मध्ये माउसमध्ये दाखविले. मध्यकातील वाहिन्यांना मात्र हा निर्बंध नाही.