मिरचीच्या आगीतून वेदनेवर उतारा

मिरची चिरल्यावर चुकून डोळ्याला हात लागला, की कशी आग होते हे घराघरांत माहीत आहे. त्वचेला चटका बसलेला नसतो, जखमही नसते. तरी भाजल्यासारखे वाटते. हे असे का होते, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना वेदनेच्या विज्ञानाला मोठी दिशा मिळाली.

मिरचीचा तिखटपणा ‘कॅप्सेसिन’ या द्रव्यामुळे असतो. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये, हे द्रव्य मज्जातंतूच्या टोकावरील ज्या प्रथिनाला चिकटते ते शोधून काढले. त्याचे नाव ‘टीआरपीव्ही-१’. हे प्रथिन म्हणजे एक लहानसे दार आहे. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की ते उघडते आणि ‘भाजते आहे’ असा निरोप मेंदूकडे जातो. कॅप्सेसिन हेच दार उष्णतेशिवाय उघडते. म्हणून मिरची तिखट लागते म्हणण्यापेक्षा ती ‘भाजते’ असे म्हणणे अधिक बरोबर. पक्ष्यांमधील या प्रथिनावर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही, म्हणूनच पोपट मिरची आवडीने खातो. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन यांच्यासमवेत विभागून मिळाले.

आता गंमत अशी, की आग लावणारे हेच द्रव्य वेदना शमवूही शकते. कॅप्सेसिनचा मोठा मारा झाला की त्वचेतील वेदनावाहक तंतूंची टोके आधी खूप उत्तेजित होतात आणि नंतर निकामी होऊन मागे सरतात. ती पुन्हा वाढेपर्यंत काही आठवडे ते महिने जातात. तेवढा काळ त्या जागेवरून वेदनेचे निरोप कमी जातात.

याचा उपयोग कोणाला? नागीण बरी झाल्यावरही काही रुग्णांना, विशेषतः वयस्करांना, त्या पट्ट्यात महिनोन्‌महिने ठणका राहतो. कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. मधुमेहात मज्जातंतू खराब झाले की तळपायांची आग होते, रात्री झोप लागत नाही. तीन महिन्यांपेक्षा अधिक टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. त्यातली मज्जातंतूंची वेदना पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅकला सहसा दाद देत नाही. प्रीगॅबॅलिन, ड्युलोक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांसारख्या औषधांचा उपयोग होतो, पण त्यांनी गुंगी आणि चक्कर येऊ शकते. म्हाताऱ्या माणसाला तोल जाऊन पडण्याची भीती असते.

राहिली अफूपासून किंवा तिच्या धर्तीवर तयार केलेली औषधे. तीव्र दुखण्यात आणि कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिनला आजही तोड नाही आणि गरजू रुग्णाला ते मिळायलाच हवे. मात्र वर्षानुवर्षे चालणाऱ्या दुखण्यात त्यांचा गुण कमी होत जातो, मात्रा वाढत जाते आणि सवय जडते. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. अमेरिकेने याची फार मोठी किंमत मोजली आहे. आपल्याकडेही ट्रामाडॉलचा गैरवापर वाढल्याने २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणावे लागले.

कॅप्सेसिनची ८ टक्क्यांची पट्टी अमेरिकेत २००९ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी आणि २०२० मध्ये मधुमेहींच्या पायांच्या वेदनेसाठी मंजूर झाली. ती प्रशिक्षित कर्मचारीच लावतात: पायांवर ३० मिनिटे, नागिणीच्या जागी ६० मिनिटे. लावताना आग होते. गुण आला तर तो साधारण तीन महिने टिकतो. पण ही जादू नव्हे. चाचण्यांमध्ये तुलनेच्या पट्टीपेक्षा जास्तीचा फायदा साधारण दहा रुग्णांमागे एकालाच दिसला. तुलनेच्या पट्टीतही ०.०४ टक्के कॅप्सेसिन घालावे लागले. नाही तर आग होते की नाही यावरूनच रुग्णाने खरी पट्टी ओळखली असती.

यापुढचे पाऊल आहे ‘रेसिनिफेराटॉक्सिन’. हे द्रव्य मोरोक्कोतील एका काटेरी झाडाच्या चिकात सापडते. आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या शेराच्याच कुळातले हे झाड. हे द्रव्य कॅप्सेसिनच्या कित्येक पटींनी जहाल असून त्याच दारावर काम करते. गुडघ्याच्या संधिवातात आणि कर्करोगाच्या असह्य वेदनेत इंजेक्शनने ते देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. स्पर्श आणि स्नायूंची ताकद शाबूत ठेवून फक्त वेदनेचे तंतू शांत करायचे, ही त्यामागची कल्पना.

हळदीचे काय, असा प्रश्न येणारच. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क चार आठवडे आयबुप्रोफेनच्या बरोबरीने उतरला. पण तो रोज १५०० मिलिग्रॅम अर्क होता, दुधातली चिमूटभर हळद नव्हे. हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते. मिऱ्यातील पायपरिनमुळे ते वाढते, म्हणून अनेक गोळ्यांत दोन्ही एकत्र असतात. मात्र अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. वनस्पतीपासून आले म्हणजे निर्धोक, असे समीकरण नाही, अफूही वनस्पतीचीच.

तेव्हा मिरचीचा लेप घरी करून लावू नये, त्वचा भाजते. पायांची आग होणाऱ्या मधुमेहींनी गरम पाण्याचा शेकही टाळावा. बधिर पायाला चटका कळत नाही आणि साध्या फोडाची मोठी जखम होते. तयार मलम वापरायचे असेल तर ते डॉक्टरांना विचारून, अखंड त्वचेवर लावावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. जुनाट दुखणे सोसत बसू नये आणि दुकानातून गोळ्या आणून दडपूही नये. आधी त्याचे कारण शोधून घ्यावे.